टोचणारे हात आहेत, शोधणारा माणूस द्या

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्या वर्तमानपत्रात लम्पीच्या, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या रोगाच्या, बातम्या येऊ लागतात. अमुक तालुक्यात इतकी जनावरं बाधित, इतकी दगावली, इतके डोस आले, लसीकरण इतके टक्के झालं. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी हयात गेली, बहुतेक जळगाव जिल्ह्यात. आता निवृत्त आहे, पण या बातम्या सोडवत नाहीत. त्यांत मी दर वेळी एकच गोष्ट शोधतो आणि ती मिळत नाही. रोग त्या गावात आला कुठून, कोणत्या वाटेने आला, आणि पुढच्या गावाला तो जाणार की नाही? हे शोधून काढणं ज्याचं काम आहे त्याला साथरोगतज्ज्ञ म्हणतात. माणसांच्या करोनामुळे हा शब्द घरोघर पोचला. गुरांच्या बाबतीत मात्र तो अजून कोणी उच्चारत नाही, म्हणून हे पत्र.

2022 साली महाराष्ट्रात लम्पीची पहिली नोंद झाली ती आमच्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला, 4 ऑगस्टला. हा रोग देशात पहिल्यांदा दिसला 2019 मध्ये, ओडिशात. 2022 च्या जुलैमध्ये तो गुजरात आणि राजस्थानात गायींचे ढीग पाडत होता, तेव्हा आपल्याकडे येणार हे सगळ्यांना दिसत होतं. आमचा भाग बुऱ्हाणपूरच्या सीमेला लागून. गुरांचे बाजार, व्यापारी, केळीच्या गाड्या, सगळ्यांची ये-जा अष्टौप्रहर. त्यात ऑगस्टच्या शेवटी पोळा. गावोगावचे बैल एका वेशीत, खांद्याला खांदा लावून उभे. सप्टेंबरात सरकारने सगळं राज्यच नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, बाजार आणि वाहतूक बंद केली. सुरुवातीला बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात शेळ्यांच्या देवीची, लम्पीवरही चालणारी लस टोचली, पुढे सरसकट सगळ्या गोवंशाला. 2019 च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात गाय-बैल एक कोटी चाळीस लाखांच्या घरात आहेत. इतक्या जनावरांना इतक्या थोड्या दिवसांत टोचण्याचं काम माझ्या अख्ख्या नोकरीत मी पाहिलं नव्हतं. खात्यातल्या मुलांनी, खासगी डॉक्टरांनी, कॉलेजच्या पोरांनी रात्री बॅटरीच्या उजेडात टोचणी केली. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, कौतुकच आहे.

म्हणणं आहे ते पुढचं. आमच्या गावात त्या दिवसांत एक पथक आलं. त्यात साथरोगशास्त्रात एम.व्ही.एस्सी. केलेली एक तरुण डॉक्टर होती. लोकांनी तिच्याभोवती गराडा घातला, कारण सगळ्यांना इंजेक्शन पाहिजे होतं. तिच्या हातात सिरिंज नव्हती. वही होती, आणि मोबाइलवर ती प्रत्येक गोठ्याची जागा टिपत होती. ताप कधी आला? गाठी पहिल्यांदा कोणत्या दिवशी दिसल्या? ही गाय घरची की विकत घेतलेली? घेतली तर कोणाकडून, कधी? पाणी कुठे पाजता? गोठ्यात याआधी टोचायला कोण आलं होतं, सुई बदलली होती का? आणि शेवटी, गोठ्यात एकूण जनावरं किती, म्हणजे धडधाकट धरून.

या शेवटच्या प्रश्नावर लोक वैतागले. आजारी जनावर समोर तडफडतंय आणि बाई धडधाकट मोजतेय. मी तिथेच जनावर धरायला उभा होतो, तेव्हा लोकांना समजावलं, तेच इथे सांगतो. दहा गायी आजारी, या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. बारा गायींच्या गोठ्यात दहा आजारी असतील तर तिथे काहीतरी भलतंच चाललंय: उकिरडा आहे, चावणाऱ्या माश्या आहेत, एकच सुई सगळ्यांना वापरली आहे. चारशे जनावरांच्या गावात दहा आजारी असतील तर आग अजून आवाक्यात आहे. किती पैकी किती, हे कळल्याशिवाय उरलेली लस आधी कुठे न्यायची हे ठरत नाही. वर्तमानपत्रात येणारे आकडे नेमके ‘पैकी’ शिवायचे असतात.

मग ती डेअरीवर गेली. हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. लम्पीत अंगावर गाठी उठायच्या एक-दोन दिवस आधी जनावराला सणसणून ताप भरतो आणि दूध एकदम खाली येतं. तिने सचिवाकडून संकलनाचं रजिस्टर मागून घेतलं, खाली बसून मागच्या महिनाभराची पानं लावली आणि एकेका सभासदाच्या नावापुढचे सकाळ-संध्याकाळचे लिटर बोटाने खाली खाली वाचत गेली. बहुतेकांचं दूध अर्धा-पाऊण लिटर इकडे-तिकडे. तीन नावांपुढे मात्र आठ लिटरवरून एकदम तीनवर, आणि तेही एकाच आठवड्यात. या तिघांपैकी कोणीही दवाखान्यात खबर दिलेली नव्हती. पाऊस लागला, ओला चारा बदलला, म्हणून दूध आटलं असेल, अशी त्यांची समजूत. म्हणजे सरकारी दप्तरात आमच्या गावची पहिली केस ज्या तारखेला नोंदली गेली, त्याच्या बऱ्याच आधी रोग गावात येऊन बसला होता.

त्या तिघांच्या गोठ्यांत ती पुन्हा गेली. तिघांमधला धागा निघाला तो एका टेम्पोचा. एकाने बाजारातून गाय आणली होती. त्याच टेम्पोत दुसऱ्याची कालवड आली होती. तिसऱ्याने काही विकत घेतलं नव्हतं, पण त्याचा गोठा पहिल्याच्या भिंतीला भिंत, मध्ये शेणाचा खड्डा. बाजाराची पावती निघाली, टेम्पोवाल्याला फोन लागला, आणि कळलं की आमच्या गावात दोन जनावरं उतरवून तो तसाच पुढे तापीपलीकडच्या एका गावाला गेला होता, तिथे त्याने आणखी जनावरं उतरवली. आमच्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून आत टोचणी चालली होती. ते गाव वर्तुळाच्या कितीतरी बाहेर. दुसऱ्या दिवशी तिथे पथक गेलं तेव्हा एका गोठ्यात गाठी दिसायला लागलेल्या होत्या, बाकी गाव अजून स्वच्छ होतं. ते गाव वाचलं म्हणायला हरकत नाही.

वर्तुळ चुकीचं, असं मला म्हणायचं नाही. माशी आणि डास वर्तुळातच फिरतात, म्हणून वर्तुळ लागतंच. पण रोग टेम्पोतूनही जातो, आणि टेम्पो रस्त्याने जातो. दोन्ही वाटा बघणारा कोणीतरी लागतो.

तिने आणखी एक गाठ सोडवली, ती सांगितलीच पाहिजे. शेजारच्या वस्तीत बोलवा उठली होती की लस टोचल्यावरच गाठी येतात. लोकांनी टोचणारी मुलं परत पाठवली. आमच्यासारखे जुने लोक असल्या वेळी शपथा घालून सांगतात, ‘असं होत नाही हो.’ तिने शपथ घातली नाही. प्रत्येक आजारी जनावरापुढे दोन तारखा लिहिल्या, टोचल्याची आणि पहिली गाठ दिसल्याची. या रोगाचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते चार आठवडे जातात, आणि लसीने अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. तिच्या कागदावर बहुतेक आजारी जनावरांना टोचल्यापासून चार-सहा दिवसांतच गाठी आल्या होत्या. म्हणजे टोचलं तेव्हा विषाणू आधीच आत होता, लसीला वेळच मिळाला नव्हता. टोचून महिना झालेल्यांत आजारी जवळपास कोणी नव्हतं. कागद वस्तीवरच्या म्हाताऱ्यांपुढे ठेवून तिने तारखा वाचून दाखवल्या. लोक आपल्याच गायींच्या तारखा ऐकत होते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. टोचणी पुन्हा सुरू झाली. आणि ती सुरू करताना तिने दोन अटी घातल्या: दर जनावराला नवी सुई, आणि टोचणी बाहेरच्या स्वच्छ गोठ्यांपासून सुरू करून आजारी गोठ्यांकडे यायचं, उलट नाही. आजारी गोठ्यातून निघालेला माणूस त्याच गमबूटांनी चांगल्या गोठ्यात शिरला तर आपणच रोग पोचवतो.

हे सगळं तालुक्याच्या डॉक्टरांना करता येणार नाही का, असं कोणी विचारेल. करता येईल, त्यांना विद्या आहे. पण त्यांचा दिवस मी आयुष्यभर पाहिला आहे. सकाळी दवाखाना, अडलेली गाय, कृत्रिम रेतन, शवविच्छेदन, दुपारी बैठक, संध्याकाळी ऑनलाइन नोंदी. लम्पीत त्यात मदतीचे पंचनामे आले. मेलेल्या गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार रुपये, आणि प्रत्येक प्रकरणाला फोटो, दाखले, सह्या. शिवाय शेजारच्या दवाखान्याची जागा रिकामी असली तर तिचाही भार त्यांच्याच डोक्यावर. असा माणूस टेम्पोच्या मागे केव्हा लागणार? उपचार करणाऱ्याची नजर समोरच्या जनावरावर असते, आणि तशीच असायला हवी. अख्ख्या कळपाकडे आणि कळपामागच्या रस्त्याकडे बघायला दुसरे डोळे पाहिजेत.

हे मला आज सुचलेलं नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने होकारार्थी दिले, आणि आम्हाला जिल्ह्याजिल्ह्यांतून तिकडे पाठवलं. तिथे पोल्ट्रीची मोठमोठी शेड होती. महिन्याभरातच, मार्चमध्ये, तोच रोग जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत निघाला, त्यात आमच्या यावल तालुक्यातलं मारूळ होतं. इथे शेड नव्हती, अंगणातल्या कोंबड्या होत्या. अंगभर पांढरा झगा, मास्क, हातात पोतं, अशा अवतारात आम्ही घराघरांत कोंबड्या गोळा करत होतो. एका आजीने मला अडवून विचारलं, ‘बाबा, माझी कोंबडी कधी गल्लीच्या बाहेर गेली नाही. तिला हा रोग कोणी आणून दिला?’ मला उत्तर देता आलं नाही, कारण ते शोधायला आमच्यात कोणी नेमलेलंच नव्हतं. आम्हाला नेमलं होतं पोती भरायला. आजीचा प्रश्न हा साथरोगतज्ज्ञाचा पहिला प्रश्न आहे. अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती, कुक्कुट खत, म्हाताऱ्या कोंबड्या विकत घेत फिरणारा, जावई येताना घेऊन आलेला कोंबडा, या सगळ्या वाटा एकेक करून तपासाव्या लागतात. 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, त्याच हिवाळ्यात नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे पडले, आणि नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने मेल्याचं निष्पन्न झालं. वाघ मेल्यावर सगळा महाराष्ट्र विचारू लागला की त्यांनी काय खाल्लं होतं. हाच प्रश्न आजीच्या कोंबडीसाठीही तितक्याच तातडीने विचारला जावा, इतकंच मागणं आहे.

आणि आपल्या देशाने हे काम करून दाखवलेलं आहे. बुळकांडी आजच्या पोरांना माहीतही नाही. माझ्या आजोबांच्या काळात बुळकांडी गावात शिरली की दावणी रिकाम्या व्हायच्या. 1954 पासून देशभर टोचणी सुरू झाली. रोग पुष्कळ कमी झाला, पण संपेना. कुठल्यातरी कोपऱ्यात, फिरत्या कळपात, व्यापाराच्या वाटेवर तो दबा धरून राही. शेवटी नव्वदच्या दशकात मोहिमेची दिशा बदलली. सरसकट टोचणी हळूहळू थांबवली आणि शोध सुरू झाला. 1995 नंतर देशात बुळकांडीचा उद्रेक झाला नाही, पण तो खरोखरच गेला हे जगाला सिद्ध करून द्यायला पुढची दहा-अकरा वर्षं गावोगाव शोध चालला. मी त्या शोधात सायकलवर फिरलो आहे. गावात जायचं, गुराखी, खाटीक, व्यापारी यांना गाठायचं आणि विचारायचं: डोळ्यांतून पाणी, तोंडात व्रण, घाण वासाची हगवण, असं जनावर पाहिलंत का? ‘नाही’ म्हणाले तर तेही तारखेसकट लिहायचं. आमच्यातले काही जण म्हणायचे, काहीच सापडत नाही तर लिहायचं कशाला. त्या ‘नाही’च्या ढिगावरच 2006 मध्ये भारताला बुळकांडीमुक्त म्हणून मान्यता मिळाली, आणि 2011 मध्ये सगळं जग मुक्त झालं. लस नसती तर हे झालं नसतं, पण लसीनेच झालं असंही नाही.

लम्पी पुन्हा येणार, लाळ्या खुरकूत आहेच, शेळ्या-मेंढ्यांची पीपीआर आहे. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, आष्टी, पाथर्डीकडून, आमच्या चाळीसगावकडूनही ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन कारखान्यांकडे निघतात. हजारो बैल एकाच वेळी जिल्हे ओलांडतात, कारखान्याच्या तळावर एकत्र बांधले जातात आणि उन्हाळ्यात परततात. धनगरांचे वाडे कोकणाच्या वेशीपर्यंत जाऊन येतात. या वाटा वर्षानुवर्षं त्याच आहेत. कोणत्या गावातून किती बैल कोणत्या तळावर जातात याचा नकाशा जिल्ह्याच्या टेबलावर असेल, तर तळावर एक बैल आजारी दिसताच कोणत्या गावांना सावध करायचं हे त्याच दिवशी कळेल. जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ले आहेत. बंगळुरूला निवेदी ही पशुरोगांच्या साथींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ती दोन महिने आधी जिल्हावार इशारे देते. इशारा येतो, बिल्ला आहे, डेअरीत रजिस्टर आहे, बाजारात पावती आहे. या चार गोष्टी एकत्र वाचणारा माणूस तेवढा पाहिजे.

माणसांच्या आरोग्यासाठी एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 मध्ये सुरू झाला. जिल्ह्याला सर्वेक्षण अधिकारी, त्याच्या हाताखाली साथरोगतज्ज्ञ, ही रचना त्यातून उभी राहिली. गुरांसाठी तशीच रचना हवी. जिल्ह्याला एक पूर्ण वेळ साथरोगतज्ज्ञ, ज्याच्याकडे दवाखाना नसेल, रेतनाचं उद्दिष्ट नसेल, पंचनामे नसतील. त्याला डेअऱ्यांची रजिस्टरं आणि बाजार समित्यांच्या पावत्या बघण्याचा अधिकार असावा. त्याला एक गाडी आणि दोन पर्यवेक्षक द्यावेत. आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय शिकवतात, मुलं शिकून बाहेर पडतात, आणि नोकरी लागते ती टोचणीची. हे बदलायला नवा कायदा लागत नाही.

कायदा उलट आहेच. 2009 च्या कायद्याने सांसर्गिक रोगाची खबर देणं पशुपालकावर बंधनकारक आहे. तरी लोक लपवतात, आणि का लपवतात ते मला ठाऊक आहे. खबर दिली की बाजार बंद, जनावर विकता येत नाही. 2022 मध्ये तर लम्पीचं दूध माणसाला बाधतं अशी अफवा उठली होती. हा रोग माणसाला होत नाही, तरी गिऱ्हाईक दूध घेईना. अशा वेळी शेतकरी तोंड उघडतो ते ओळखीच्या माणसापाशी, जो साथ नसतानाही गावात येऊन गेलेला असतो आणि ज्याला सांगितलेलं पुढे कामाला आलेलं दिसलेलं असतं.

इथेच माझी तक्रार आहे. त्या तरुण डॉक्टरने आमच्या गावचा अहवाल लिहिला, तो वरच्या कार्यालयाला गेला. गावाने नंतर अनेकदा मागितला. ‘वर पाठवला आहे’ हे एकच उत्तर मिळालं. ज्यांच्या गोठ्यातून माहिती घेतली त्यांना तिचं काय झालं ते कळलं नाही. तिची नेमणूक तात्पुरती होती, ती संपली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एक पथक आलं, पुन्हा तेच प्रश्न, आणि या वेळी निम्म्या लोकांनी धड उत्तरं दिली नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

म्हणून जिल्ह्याचे पालकमंत्री आणि आमदार यांच्याकडे आपल्यामार्फत मागणी करतो. साथरोगतज्ज्ञाचं कायम पद मंजूर व्हायला वेळ लागेल हे मला कळतं. तोवर निदान प्रत्येक उद्रेकाचा अहवाल, रोग केव्हा आणि कुठून आला, किती पैकी किती जनावरं आजारी पडली, कोणत्या वाटेने पसरला, हे दोन पानी मराठीत लिहून त्या त्या ग्रामपंचायतीला पाठवावं आणि ग्रामसभेत वाचून दाखवावं. यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत 2022 पासूनचे जुने अहवालही गावांना मिळावेत. पोळ्याच्या आधी मिळाले तर अधिक बरं.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. यावल, जि. जळगाव